बोटीतलं घर, लातुरातलं वायरिंग

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसरा झाला. पाने, पक्कड, क्रिम्पिंगचं हत्यार, मल्टिमीटर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं आणि आज त्यांनाच कामाला जुंपलं. काम मात्र नेहमीचं नाही. पुतण्या आणि सूनबाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउथॅम्प्टनला शिडाच्या बोटीत राहतात. बोट १० मीटर लांब, फायबरची, १९८० च्या दशकातली. वायरिंगही तेव्हाचंच, वरून मधल्या प्रत्येक मालकानं आपापली एकेक वायर ओढलेली. व्हिडिओ कॉलवर त्यानं विजेच्या पॅनेलचं झाकण उघडून दाखवलं. एका फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळलेली. हा प्रकार फक्त आपल्याकडे चालतो असं मी समजत होतो.

मी ट्रक-ट्रॅक्टरवाला ऑटो इलेक्ट्रिशियन. समुद्र बघितला तो गणपतीपुळ्याला, तोही पायजमा वर करून घोट्याइतक्या पाण्यातून. पण बोटीत १२ व्होल्ट डीसी, म्हणजे बॅटरीची वीज असते, आणि ती माझी रोजची.

ठरलं ते असं: नवं डीसी पॅनेल (फ्यूज आणि जोडण्यांचा बोर्ड) इथं बनवायचं, टेबलावर लोड देऊन तपासायचं. डिसेंबरात पुतण्या येईल तेव्हा घेऊन जाईल आणि मी सांगेन तसं बसवेल. बॅटरी तिकडेच घ्यायची. १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात सामानातून नेऊच देत नाहीत, आणि आपल्याला लागणारी त्याच्या वीसपटीहून मोठी आहे.

१६ ऑक्टोबर

हिनं जेवताना विचारलं, घर म्हणून बोट घेतली तर एका जागी बांधून का राहत नाहीत? मलाही हे नीट कळलं नव्हतं. आज त्याच्याकडून समजून घेतलं.

मरीना म्हणजे बोटी लावायचा तळ. तरंगते धक्के, धक्क्यावर नळ आणि विजेचा खांब, काठावर संडास-बाथरूम, ऑफिस, डिझेल. भाडं बोटीच्या लांबीवर, मीटरच्या हिशेबानं. बहुतेक ठिकाणी बोट ठेवायला मिळते, पण तिच्यात बारमाही संसार थाटायची परवानगी नसते. राहण्याच्या जागा मोजक्या आणि त्यांना रांग. दर हिवाळ्याचा वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा. म्हणून ऑक्टोबर ते मार्च एका मरीनात, एप्रिलपासून दुसऱ्या, मधे चार रात्री पाहुणे म्हणून तिसऱ्या, आणि उन्हाळ्यात अधूनमधून नुसता नांगर टाकून खाडीत.

ही म्हणाली, "म्हंजे ऊसतोडीला गेल्यासारखंच की. हंगाम बदलला की बिऱ्हाड उचललं."

खरं आहे. फक्त यांनी उचल मुकादमाकडून नाही, बँकेकडून घेतलीय.

माझ्या कामासाठी यातून एकच गोष्ट निघते. आज खांबावर १६ अँपिअरची वीज आहे, उद्या काठाचा आधारच नाही. तेव्हा हिशेब काठाशिवायच्या रात्रीचा धरायचा. काठाची वीज मिळाली तर मिळाली.

२० ऑक्टोबर

दिवसभराचा खप मांडला. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साडेचार अँपिअर घेतो. दिवसातला निम्मा वेळ चालला तरी पन्नास-पंचावन्न अँपिअर-तास एकटाच खातो. दोन लॅपटॉप, मोबाइल, राउटर मिळून ४० (दोघं बोटीत बसूनच नोकरी करतात). एलईडी दिवे १०, पाण्याचा पंप ५. थंडीत डिझेलचा हीटर. त्याची उष्णता डिझेलची, पण पंखा आणि पेटवायचा प्लग विजेवर, त्याचे २५. बेरीज १३० च्या पुढे जाते.

सध्या ११० च्या दोन शिशाच्या बॅटऱ्या. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली नेली की ती लवकर मरते, हे ट्रॅक्टरवाल्याला सांगायची गरज नाही. म्हणजे हाताशी ११०, खर्च १३०. सकाळी फ्रिज बंद पडतो याचं कोडं सुटलं.

नवी लिथियम फेरो फॉस्फेट घ्यायची, ३०० अँपिअर-तासांची. ८० टक्के बिनधास्त वापरता येते. २४० म्हणजे पावणेदोन दिवस.

पण ही बॅटरी जुन्या डायनामोला थेट जोडायची नाही. शिशाची बॅटरी भरत आली की आपणच करंट कमी मागते. लिथियम शेवटपर्यंत ओढत राहते आणि डायनामो तापून जळतो. शिवाय तिच्या आतलं संरक्षण सर्किट मधेच तुटलं तर धावत्या डायनामोचं व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात. मधे ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घालायचा, तो डायनामोकडून मोजकाच करंट घेतो. इंजिन सुरू करायची शिशाची बॅटरी वेगळीच राहील, तिला हात लावायचा नाही.

२७ ऑक्टोबर

तिकडची घड्याळं आज एक तास मागं गेली. आता साडेपाच तासांचा फरक. तो काम संपवून फोन करेपर्यंत इथं रात्रीचे साडेअकरा. ही दार लावून झोपते, मी वर्कशॉपमध्येच बसतो.

५ नोव्हेंबर

दिवाळी आवरली. वायर शोधायला गंजगोलाईत, इथल्या बाजारपेठेत गेलो. बोटीला कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर लागते. साधं तांबं खाऱ्या हवेत टिकत नाही. दोन दुकानदारांनी 'मुंबईहून मागवावी लागेल' म्हणून हात वर केले. परत येताना डोक्यात आलं की सोलर पंपाची डीसी केबल कथलाईतच असते! शेताशेतात सोलर पंप बसलेत, ती केबल आता हार्डवेअरवाल्याकडेसुद्धा गुंडाळ्यांनी पडलेली आहे. चार आणि सहा स्क्वेअर एमएम, तार बारीक आणि लवचीक, वरचं आवरण सहजी पेट न घेणारं. लाल-काळी घेतली.

आणली म्हणून लगेच भरवसा ठेवायचा नाही. एका स्टीलच्या पातेल्यात लिटरभर पाण्याला ३५ ग्रॅम मीठ घातलं, समुद्रात साधारण तेवढंच असतं. त्यात तीन तुकडे सोडले: एक साधी ऑटो वायर, एक सोलर केबल, टोकाला धातूची कडी (लग) नुसती दाबून म्हणजे क्रिम्प करून बसवलेली, एक साधी वायर सोल्डर करून. रात्रभर पाण्यात, दिवसा छपरावर उन्हात. पातेलं स्वयंपाकघरातलं आहे हे अजून घरात कळलेलं नाही.

१७ नोव्हेंबर

पातेल्याचा निकाल. साध्या वायरचं टोक हिरवंगार. आवरण मागं सोलत गेलो तर दोन बोटांपर्यंत आतली तार काळी पडलेली. पाणी तारांच्या मधल्या फटीतून आत चढलंय. ओमच्या रीडिंगला ती अजून चांगली दाखवते, पण हेडलाइटचा बल्ब लावला की पिवळट जळतो. मीटरवर पास आणि लोडवर नापास, अशा वायरी ट्रकमध्येही रोज भेटतात. सोल्डरवाली टोकाला ठीक, पण जिथं सोल्डर संपतं तिथं तार ताठ झालीय. चार वेळा वाकवली आणि तुटली. बोट रात्रंदिवस हलते. म्हणून सोल्डर नाही. सगळीकडे क्रिम्प, वर गोंदाचं हीटश्रिंक (तापवलं की आवळून बसणारी नळी). सोलर केबल फक्त जराशी मळकट झालीय. पास.

जाडी ठरवली. फ्रिज पॅनेलपासून ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२. दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर ५ अँपिअरला पाऊण व्होल्टच्या जवळपास वाटेतच जातं. चारची टाकली तर पाव व्होल्ट. चारच.

२४ नोव्हेंबर

आज पॅनेलचा पाया घातला, आणि पोराशी बराच वाद झाला.

ट्रकमध्ये आपण निगेटिव्हची वायर टाकतच नाही. दिव्याला एक पॉझिटिव्ह न्यायची, निगेटिव्ह बॉडीला ठोकायचं, चेसीतून करंट परत येतो. अर्धी वायर वाचते. त्याच्या बोटीत कुणीतरी नेमकं हेच केलंय: इंजिनाच्या एका बोल्टवर चार-पाच निगेटिव्ह कोंबलेले. चालतंय ना, मग राहू द्या, असं त्याचं म्हणणं.

चालतंय, पण इंजिनाला शाफ्ट जोडलेला आहे, शाफ्टला पंखा, आणि पंखा खाऱ्या पाण्यात. त्या धातूतून डीसी पाण्यात गळायला लागलं की जिथून करंट पाण्यात उतरतो तो धातू विरघळतो. चेसी गंजली तर पत्रा मारता येतो. बोटीच्या तळाला पितळी वॉल्व आहेत, त्यातला एक कुजला तर समुद्र आत.

म्हणून प्रत्येक उपकरणाला दोन वायरी, दोन्ही पॅनेलपर्यंत. निगेटिव्हचा एकच बसबार (सगळ्या वायरी जोडायची तांब्याची पट्टी), आणि इंजिनाला त्याची जोडणी एकाच ठिकाणी, एकाच जाड केबलनं. पॉझिटिव्हकडे बॅटरीपासून वीतभर अंतरावर क्लास टी फ्यूज. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर फेकते. साधा फ्यूज वितळला तरी त्याच्या आत ठिणगी चालूच राहू शकते. पुढे आयसोलेटर (मेन स्विच), पुढे शाखा.

शाखांना त्याला बटणवाले ब्रेकर हवे होते, दिसायला छान. मी ब्लेड फ्यूज घातले. ते कुठल्याही बंदरात, कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतात.

८ डिसेंबर

काल तिकडे डारा नावाचं वादळ. लाल इशारा वेल्सच्या किनाऱ्याला होता. साउथॅम्प्टनला त्यामानानं निभावलं, पण रात्रभर बोट दोरांवर हिसके देत होती. सूनबाईचा आवाज फोनवर थकलेला. त्यात खांबावरची वीज सारखी जात होती. कारण वादळ नव्हतं. दोन हजार वॅटचा विजेचा हीटर म्हणजे पावणेनऊ अँपिअर. त्यात तेवढीच किटली लावली की साडेसतरा, आणि खांबाचा ब्रेकर १६ चा. चहा करायचा तर आधी थंडीत बसायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाऊस डोलकाठीच्या आतून झिरपत थेट बोटीच्या तळाशी साठतो, आणि तिथला पंप मेन स्विचवर आहे. मेन बंद करून ही दोघं आठवडाभर मित्राकडे गेली तर पंपही झोपणार. नव्या आराखड्यात तळाचा पंप आणि त्याचा तरंगता स्विच बॅटरीवरून सरळ, स्वतःच्या फ्यूजमधून, मेनला वळसा घालून. बाकी सगळं बंद पडलं तरी पाणी बाहेर टाकणारा चालू राहिला पाहिजे.

हे लिहिताना मागची पानं चाळली. वीज आत कशी आणायची यावर मी रकाने भरलेत. त्या घरातून पाणी, वाफ, गॅस, घाण, गळका करंट हे सगळं बाहेर कसं जायचं, याचा आजवर एकच रकाना, तोही आजचा. जमिनीवरच्या घरात हा विचार गवंड्यानं केलेला असतो.

२३ डिसेंबर

पोरगा आला. पॅनेल टेबलावर चालू करून दाखवलं: ट्रकचे हेडलाइट लोड म्हणून लावले, तासभर ४० अँपिअर ओढले, प्रत्येक जोडाला हात लावून पाहिला. एक लग कोमट होता, तो कापून नवा दाबला. त्यानं फोटो काढले. मी त्याला एकेक क्रिम्प स्वतः करायला लावला आणि ओढून दाखवायला सांगितलं. निघाला तर पुन्हा.

३० डिसेंबर

वेळ अमावास्या. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि माठातली आंबील. तिकडे आंबील करून बघितली तर ताक आंबटच होईना, अशी सूनबाईची तक्रार. थंडीत बोटीत काही फुगत नाही, आंबत नाही.

जेवण झाल्यावर त्याला मोटारीच्या पेटीपाशी नेलं. आमच्या शिवारात अर्थिंगची तार तोडून ठेवायची खोड फार जणांना आहे. कुणीतरी सांगितलेलं असतं की त्यामुळे मोटार 'ट्रिप' होत नाही. होत नाही हे खरं, पण मग ओल्या पायानं पेटीला हात लावणारा माणूसच अर्थिंग होतो. हे त्याला मुद्दाम दाखवलं, कारण बोटवाल्यांमध्येही काठाच्या विजेची अर्थ (अर्थिंगची तार) काढून टाकायचा सल्ला फिरतो. कारण वेगळं आहे, त्यावर मार्चमध्ये बोट बाहेर निघाल्यावर लिहीन. पण अर्थ काढायची नाही, एवढं कोपीतच कबूल करून घेतलं.

आज अमावास्या म्हणजे एक-दोन दिवसांत तिकडे उधाण. बांधलेल्या बोटीला फरक पडत नाही, कारण धक्काच पाण्यासोबत वरखाली होतो. काठावर उतरायचा पूल मात्र ओहोटीला इतका उभा होतो की सिलिंडर घेऊन चढताना दम लागतो, म्हणे.

१२ जानेवारी २०२५

पॅनेल बसलं. त्यानं सुट्टीचे दोन दिवस घेतले, मी फोनवर. मोबाइल त्यानं डोक्याला पट्टीनं बांधला होता, त्यामुळे मला अर्धा वेळ त्याचंच कोपर दिसत होतं. बोटीत वायर ओढणं म्हणजे गादी काढा, फळी काढा, आडवे व्हा, हात खांद्यापर्यंत घाला आणि मग पाना खाली पडतो. जुन्या वायरींतून एक अशी निघाली की तिची दोन्ही टोकं कुठंच जोडलेली नव्हती, तरी ती गुंडाळून, चिकटपट्टी लावून जपून ठेवलेली.

लिथियमला एक पथ्य लिहून दिलंय: शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. बॅटरी बसायच्या बाकाखाली आहे, आत हीटर चालू असतो, तेव्हा एरवी भीती नाही. पण बोट बंद ठेवून गेले तर चार्जर बंद करून जायचं.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी बॅटरी ६४ टक्क्यांवर. फ्रिज चालू.

२ फेब्रुवारी

वीज सुटली, आता ओल. गादी उचलली तर खाली पाणी, कपाटातल्या चपला पांढऱ्या, साड्यांना वास. गळती नाही. बाहेर दोन-तीन अंश, फायबरची भिंत तेवढीच गार. आत दोन माणसांचा श्वास, ओले कोट आणि स्वयंपाक. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. हे ऐकून हिला आश्चर्य वाटलं. लातुरात हवा एवढी कोरडी की ते कधी जाणवतच नाही.

थंडीत लोक सगळ्या खिडक्या गच्च लावून घेतात, तिथंच चुकतं. वरची झडप बोटभर उघडी, भांड्यावर झाकण, आणि स्वयंपाक करताना छोटा पंखा हवा बाहेर फेकणारा. डिझेलच्या हीटरची धुराची नळी बाहेर असते, म्हणून त्याची ऊब कोरडी. नुसत्या गॅसची शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही, वाफही आत आणि कार्बन मोनॉक्साइडही आत. त्याचा अलार्म आहे का विचारलं. होता, पण त्यात सेल नव्हता.

गादीचं काम हिनं सोडवलं. "बाजेवर झोपलं की पाठीखालून वारा जातो, फळीवर कसा जाईल?" त्यानं फळी काढून पट्ट्या ठोकल्या, मधे दोन-दोन बोटं जागा ठेवून.

गॅसचंही लगेच बघून घेतलं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली बसतो. घरात तो दारातून निघून जातो, बोटीत तळाशी साठतो आणि तळाचा पंप सुरू होताना ठिणगी पडते. म्हणून टाकी वरच्या बंद खणात, आणि खणाच्या बुडाला बाहेर जाणारं भोक. ते भोक त्यानं शोधलं तर दोरांच्या गुंडाळीखाली बुजलेलं. मोकळं केलं. टाकी प्रोपेनची घ्यायला सांगितली. ब्युटेन शून्याच्या जवळ आलं की वायू व्हायचंच थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतो. जानेवारीत तिचा चहा का होत नव्हता ते हेच.

१६ मार्च

बोट क्रेनच्या पट्ट्यांत उचलून काठावर ठेवली. तळ खरवडून शेवाळ-शिंपल्यांविरुद्धचा रंग, वॉल्व तपासणी, आणि शाफ्टवरचा जस्ताचा तुकडा बदलायचा. तो तुकडा मुद्दाम मरायला ठेवलेला असतो: खाऱ्या पाण्यात पितळ आणि पोलाद यांच्याआधी जस्त विरघळतं आणि बाकीच्यांना वाचवतं. गेल्या वसंतात नवा घातलेला, आता साबणाच्या चिपेएवढा उरलाय.

आता ते अर्थिंगचं. मरीनात वीस बोटी खांबाच्या विजेला जोडल्या की त्यांची अर्थ एकच होते. म्हणजे या बोटीचा पंखा, शेजारच्या ॲल्युमिनियमच्या बोटीचं बुड आणि धक्क्याचे पोलादी खांब, सगळे एका तारेनं जोडलेले आणि एकाच खाऱ्या पाण्यात बुडलेले. हा सेल झाला. ज्याचं जस्त ताजं, तो साऱ्या आळीचं गंजणं स्वतःवर घेतो. म्हणून काहीजण अर्थ तोडतात, आणि मग आत कुठं २३० व्होल्ट गळलं तर सगळी बोट आणि भोवतालचं पाणी जिवंत.

मार्ग आहे: गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. अर्थच्या तारेत समोरासमोर डायोडच्या जोड्या. व्होल्टभरापर्यंतचा बारीक डीसी अडतो, खरा फॉल्ट आला तर वाट मोकळी. तो आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), दोन्ही बसवले. हे मी इथं बनवू शकलो असतो, डायोड काय मिळतात. पण माणसाचा जीव ज्या तारेवर आहे तिथं प्रमाणित माल घ्यावा, म्हणून विकत घ्यायला लावला.

६ एप्रिल

रामनवमी. आज मुक्काम हलला, साउथॅम्प्टनहून गॉस्पोर्टला, पोर्ट्समथच्या खाडीत. पंधरा-सोळा सागरी मैल. तारीख मीच सुचवली होती. शुक्ल नवमी म्हणजे भांगाची भरती, पाण्याची ओढ कमी. कॅलेंडर भिंतीवर आहे, त्यासाठी समुद्रकाठी राहावं लागत नाही. त्यानं तिकडच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं आणि "काका, बरोबर आहे" म्हणाला, जरा नाराजीनंच.

सूनबाईनं वाटेतून तुकड्या-तुकड्यांत बातमी दिली. साउथॅम्प्टनच्या पाण्यात दीडशे मीटरपेक्षा मोठं जहाज आलं की त्याच्या पुढं हजार मीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर मीटर कुणी जायचं नाही असा नियम. एका क्रूझ जहाजासाठी यांना बाजूला थांबावं लागलं. पोर्ट्समथच्या तोंडाशी नौदलाची हद्द. वीस मीटरपेक्षा लहान बोटींना पश्चिमेकडची वेगळी अरुंद वाट, आणि तीतून शिडावर नाही, इंजिनावरच जायचं. मग रेडिओच्या ८० नंबरच्या चॅनेलवर मरीनाला हाक. "पाहुण्यांच्या धक्क्याला लागा, डावी बाजू." फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या उशा) सगळे उजवीकडे बांधलेले. दोन मिनिटांत काढून बांधले, असं ती म्हणाली. तो याबद्दल काही बोलला नाही.

इंजिन तीन तास चाललं. चार्जरनं ८० च्या वर भरलं. डायनामो हात लावण्याइतका गरम.

११ मे

इथं बेचाळीस अंश. आमच्या गल्लीत आठवड्यानं नळ येतो, तो आज आला आणि मी पिंपं भरून हे लिहितोय. तिकडे दोघं पाच रात्री नांगरावर राहिली, काठाला न लागता. वीज पुरली, मे महिन्याचं ऊन आणि छपरावरचं सोलर पॅनेल यांनी फ्रिज ओढला. डिसेंबरात हेच पॅनेल नावापुरतं होतं.

पाण्याची टाकी २०० लिटरची. गेल्या वर्षी चार दिवसांत रिकामी व्हायची, कारण नळ सोडला की प्रेशर पंप धो-धो ओततो. एप्रिलमध्ये स्वयंपाकाच्या ओट्याला पायानं दाबायचा पंप बसवला, आणि त्याच्याशेजारी समुद्राच्या पाण्याचा दुसरा. भांडी आधी खाऱ्या पाण्यात, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. आता दोघांना दिवसाला वीस-बावीस लिटर लागतं. हे सूनबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा ती इथंच कॉलेजात होती. पहिली गाडी पाच लाख लिटरची. धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं झाडाला, हे तिच्या हातात आहे. पोरगा तेव्हा पुण्यात होता. नळ मोकळा सोडणारा तोच.

संडासाची टाकी मात्र पाचव्या दिवशी भरली. मरीनात ती पाण्यात सोडायची नसते, पंपानं उपसून घ्यायची जागा असते, आणि ती जागा रविवारी संध्याकाळी बंद होती. म्हणून सोमवारपर्यंत काठावरच्या संडासापर्यंत पावसात चालत, रात्री टॉर्च घेऊन. ही म्हणाली, आमचं सगळं बालपण तसंच गेलं.

टाकीला पातळी दाखवणारा सेन्सर हवा. दोन वायरी पॅनेलपर्यंत, रिकामा फ्यूज क्रमांक ११.

२५ मे

मीटरनं गेल्या पंधरवड्याचा खप पाठवला. फ्रिज दिवसाला ५८, अंदाजापेक्षा जास्त, आणि अजून खरा उन्हाळा यायचाय. त्याचं म्हणणं आणखी एक बॅटरी घेऊ. मी नको म्हटलं. फ्रिजच्या पेटीभोवती फोम जेमतेम बोटभर आहे आणि मागं इंजिनाची खोली. थंडी तिकडे पळते. बॅटरीच्या पैशाच्या दहाव्या हिश्श्यात ५० मिमीचा फोम बसतो आणि वजनही वाढत नाही. पेटीची आतली मापं मागवलीत. त्याआधी झाकणाचं रबर बदल म्हणून सांगितलं. कागद धरून झाकण लावलं तर कागद सहज निघून येतो, असा व्हिडिओ त्यानंच पाठवलाय.